दूरच्या कानांसाठी कीर्तन

आषाढी एकादशीच्या रात्री विठ्ठलमंदिरात कीर्तन रंगते, तेव्हा त्याची ओढ केवळ मांडवात बसलेल्यांनाच असते असे नाही. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, मुंबईस चाकरीला गेलेले पुत्र, परदेशी नांदणाऱ्या लेकी यांचाही जीव तेथेच घुटमळत असतो. २०२० साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. त्या आषाढीला आमच्या गावच्या रिकाम्या मंदिरात बुवा, मृदंगी आणि टाळकरी एवढेच उभे होते. तेव्हा हे कीर्तन इंटरनेटवरून घरोघरी ऐकवावे, असे ठरले. चित्राचा हव्यास आम्ही धरला नाही. कीर्तन हा मुळात श्रवणाचा विषय.

मांडणी साधी होती. ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून निघालेली तार संगणकात आणि त्याच संगणकावर ‘आइसकास्ट’ नावाचा विनामूल्य सर्व्हर. देवळातल्या वायफायवर मोबाइल लावून पाहिला, तर आवाज शंखासारखा स्वच्छ. परगावी मात्र नि:शब्द शांतता!

चूक तपासण्याच्या जागेतच होती. आतल्या आत जोडणी सहज जुळते. बाहेरून येणाऱ्यास राउटरचे दार बंद असते. मोबाइलच्या जोडणीत तर एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असल्याने ते दार आपल्याला उघडताही येत नाही. शिवाय प्रत्येक श्रोत्यास स्वतंत्र प्रवाह लागतो. सेकंदाला ६४ किलोबिटचा आवाज शंभरांना द्यायचा, तर बाहेर जाणारी वाट ६.४ मेगाबिटची हवी. खेड्यात ती कोठून आणावी?

उपाय असा की, सर्व्हर शहरातील भाड्याच्या संगणकावर ठेवावा. मंदिरातून एकच प्रवाह तिकडे जातो, श्रोत्यांची पंगत तिकडे वाढली जाते. मूळचा संकेतशब्द मात्र आधी बदलावा. तो साऱ्या जगाला ठाऊक असतो. आवाज परगावी काही सेकंद उशिराच पोहोचतो, त्यास दोष समजू नये.

मंदिराकडून दहा सेकंद काही न आल्यास हा सर्व्हर, मुळातील मांडणीप्रमाणे, प्रवाह संपला असे धरून श्रोत्यांना निरोप देतो. म्हणून आम्ही पर्यायी प्रवाह म्हणून तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण ठेवले. २०२३ साली ऐन गजरात वीज गेली. परगावच्यांना तीन-चार मिनिटे तंबोरा ऐकू आला, आणि दिवे लागताच पुन्हा मृदंग. दुसऱ्या दिवशी एका आजींचा निरोप आला : बुवांनी मध्ये थोडा विसावा घेतला, ते बरे केले.