जुन्या जीपच्या पोटातले तेल

पालघर आणि बोईसर यांच्यामध्ये उमरोळी हे एकच स्थानक आहे. आमच्या जुन्या डिझेल जीपचे बहुतेक आयुष्य याच टापूत गेले. पालघरहून बोईसर, पुढे तारापूर-चिंचणी, विहिरींच्या पाण्याचे नमुने घेण्यासाठी खाजणाच्या कडेच्या कच्च्या वाटा, आणि परत. जीप एमएम ५४०. इंजिन प्यूजोच्या रचनेचे, २११२ घन सेंटिमीटरचे. पावसाळ्यात वाटा बंद झाल्या की ती चार महिने शेडमध्ये उभी असे.

जीप थोडी धावते म्हणून आम्ही निश्चिंत होतो, आणि तिथेच फसलो. तेल बदलण्यासाठी पुस्तिकेत दिलेले किलोमीटर भरायला आम्हाला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. मधल्या काळात, इंजिन गरम होऊन मंद चालत असताना तेलाच्या दाबमापकाचा काटा खाली बसू लागला. काटाच बिघडला असेल, असे आम्ही एकमेकांना सांगितले. मोजमाप हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी उपकरणावर असा ठपका ठेवावा! शेवटी बोईसर-चिल्हार रस्त्यावर इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले. चेंबर उतरवला तर तळाशी काळा लगदा, आणि पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीची जाळी त्या लगद्याने निम्मी बुजलेली. बेअरिंगवरचा मऊ धातू झिजून खालचे तांबूस अंग उघडे पडले होते.

हे कसे घडले, ते समजण्यासाठी आधी बेअरिंगमध्ये तेल काय करते ते पाहू. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकीच फट असते. शाफ्ट फिरू लागला की तो तेलाला ओढून आपल्याखालच्या निमुळत्या जागेत कोंबतो. तेल सहजी बाजूला सरत नाही. त्याच्या या चिवटपणाला श्यानता म्हणतात. कोंबलेल्या तेलात इतका दाब निर्माण होतो की शाफ्ट अक्षरशः तेलावर तरंगतो. धातू धातूला टेकत नाही. हा थर जिथे सर्वांत पातळ असतो तिथे तो काही मायक्रॉनच भरतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

याचा शोध गमतीने लागला. इंग्लंडमध्ये बोशां टॉवर बेअरिंगच्या घर्षणावर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडले, तर तेल उलट त्यातूनच बाहेर येऊ लागले. त्यांनी लाकडी खुंटी ठोकली. तेलाने तीही बाहेर ढकलली. १८८३ साली त्यांचा अहवाल आला आणि १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचे गणित मांडले. म्हणजे इंजिनाचा भार तेलपंप उचलतो असे जे अनेकांना वाटते ते बरोबर नाही. पंप फक्त तेल पोचवतो. भार उचलणारा दाब शाफ्ट स्वतः फिरून निर्माण करतो. पण जाळी बुजून तेलच पोचले नाही, तर शाफ्ट कशावर तरंगणार?

आता तो लगदा कुठून आला? एक लिटर डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक पाणी वाफ होऊन धुराबरोबर जाते, पण थोडी वाफ पिस्टनच्या कड्यांमधून खाली चेंबरमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात तेल चांगले तापते आणि ती उडून जाते. दहा-बारा किलोमीटरच्या फेरीत तेल पुरते तापण्याआधीच इंजिन बंद होते. वाफ थिजते, पाणी तेलातच राहते. त्यात डिझेलची काजळी मिसळली की लगदा होतो. आमच्या जीपने किलोमीटर थोडे केले, पण गार इंजिनाच्या फेऱ्या फार केल्या. किलोमीटरचा काटा हा फरक दाखवीत नाही.

एक गोष्ट मात्र सुधारली आहे. १९९०च्या दशकाच्या आरंभी आपल्याकडील डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत असू शके. त्याचे आम्ल होऊन ते बेअरिंगला खाई. १ एप्रिल २०२० पासून देशभर दहा लाख भागांत दहाच भाग गंधकाचे डिझेल मिळते. काजळी आणि पाणी यांपासून मात्र सुटका नाही.

तेल काळे झाले म्हणजे खराब झाले, असेही नव्हे. डिझेल इंजिनातले नवे तेल थोड्याच दिवसांत काळे होते. काजळीचे कण सुटे ठेवणे हे त्यातल्या रसायनांचे कामच आहे. ती रसायने संपली की कण एकमेकांना चिकटतात आणि फिल्टर तुंबतो. तुंबलेल्या फिल्टरपाशी एक झडप उघडते आणि न गाळलेले तेल पुढे जाते. बेअरिंग कोरडे पडण्यापेक्षा हे बरे, पण चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून तेल बदलताना फिल्टर वाचवण्यात अर्थ नाही.

आता आम्ही वर्षातून दोनदा, किलोमीटर न पाहता, तेल आणि फिल्टर बदलतो. एकदा पावसाळ्यापूर्वी, कारण ओले, आम्लयुक्त तेल चार महिने बेअरिंगवर बसून राहू नये. तेल काढायचे ते इंजिन गरम असताना. नेहमीच्या १५ डब्ल्यू-४० तेलाची श्यानता ४० अंशांपासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत जाताना साधारण सात पटींनी उतरते. गरम तेल गाळ घेऊन बाहेर पडते. गरम इंजिन मंद चालताना दाब किती, हे दर महिन्याला वहीत लिहितो. एकट्या आकड्यापेक्षा त्याची उतरण अधिक बोलकी असते.

जीप बरेच दिवस उभी असली की बेअरिंगमधले तेल निथळलेले असते. अणुवीजकेंद्रांतली आणीबाणीची डिझेल जनित्रेही दिवसचे दिवस उभी असतात, आणि हाक येताच धावावी लागतात. अशा मोठ्या राखीव इंजिनांत तेल कोमट ठेवण्याची आणि आधीच फिरवून ठेवण्याची सोय करतात. आमच्याकडे तसा पंप नाही, पण इंजिन बंद करण्याची खेचदांडी आहे. ती ओढून धरून काही सेकंद स्टार्टर फिरवला की इंजिन पेट न घेता तेल वर चढते.

शाळेत एक प्रयोग करता येईल. शिक्षकांनी हातमोजे घालून वापरलेल्या तेलाचा एक थेंब गाळणकागदावर टाकावा (हे तेल त्वचेला घातक असते, मुलांच्या हाती देऊ नये) आणि कागद दिवसभर आडवा ठेवावा. शाईचे रंग वेगळे करण्याच्या प्रयोगाचाच हा भाऊ. काजळी कडेपर्यंत सारखी पसरली तर तेलात अजून दम आहे. मधे काळा ठिपका, त्याला धारदार कड आणि बाहेर पिवळट कडे दिसले, तर तेलाचे दिवस भरले. आमच्या चेंबरमधल्या तेलाचा थेंब आम्ही उशिराच टाकला. ठिपका मधोमध जो बसला तो हललाच नाही. तो कागद आता शेडच्या भिंतीवर, दाबाच्या वहीशेजारी लावलेला आहे.