‘किरण’ विमानाची सेवा : कालनिर्णय व साधनें

भारतीय वायुदलाच्या ‘किरण’ या जेट शिक्षणविमानाविषयीं लिहितांना त्याचें पहिलें उड्डाण, सेवाप्रवेश व निरनिराळे नमुने यांची सरमिसळ होण्याचा संभव असतो. एकाच ग्रंथाच्या तीन पोथ्यांचे पाठ एकांत मिसळावे, तसाच हा प्रकार आहे. म्हणून या तीन गोष्टी प्रथम वेगळ्या करून मग साधनांचा विचार करूं.

या विमानाची रचना डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखालीं बंगळूर येथें झाली. ता. ४ सप्टेंबर १९६४ रोजीं विंग कमांडर सुरंजन दास यांनीं तें प्रथम उडविलें. ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ ही संस्था मात्र ता. १ ऑक्टोबर १९६४ रोजीं अस्तित्वांत आली. अर्थात् पहिलें उड्डाण ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ या पूर्वसंस्थेच्या खातीं मांडलें पाहिजे. वायुदलास विमानें मिळूं लागलीं तीं १९६८ पासून. जुन्या व्हँपायर विमानांची जागा त्यांनीं घेतली. सेवेचा इतिहास १९६४ पासून मोजणें म्हणजे बारसें व मुंज एकाच दिवशीं धरणें होय.

नमुने ओळखण्याची मुख्य खूण इंजिन ही होय. पहिल्या नमुन्यांत ‘व्हायपर’ इंजिन होतें. ‘१-अ’ या त्याच्या पोटभेदांत पंखांखालीं शस्त्रें टांगण्याची सोय झाली. ‘मार्क २’ नमुन्यास अधिक जोराचें ‘ऑर्फियस’ इंजिन बसविलें. त्याचें पहिलें उड्डाण ता. ३० जुलै १९७६ चें. बिदर येथें १९९६ सालीं स्थापन झालेल्या ‘सूर्यकिरण’ या कसरतपथकानें २०११ पर्यंत वापरलीं तीं विमानें याच नमुन्याचीं. नौदलाच्या ५५१ क्रमांकाच्या पथकानेंहि गोव्यांत दाबोळी येथें ‘किरण’ विमानें चालविलीं.

उत्तराधिकारी ‘सितारा’ ता. ७ मार्च २००३ रोजीं प्रथम उडालें, पण त्याचा सेवाप्रवेश लांबत गेला. २००९ सालीं अपघातानंतर ‘दीपक’ विमानें बंद ठेवावीं लागलीं, तेव्हां नवशिक्यांचे आरंभींचे धडेहि ‘किरण’वरच देण्याची वेळ आली, २०१३ सालीं पिलाटस विमानांवर शिक्षण सुरू झाल्यावर हा भार उतरला. मधल्या पायरीसाठीं योजिलेलें विमान अशा रीतीनें पहिल्या पायरीवरहि उभें राहिलें. हा फेरबदल केवळ नमुन्यांच्या कोष्टकावरून कळणारा नव्हे.

तो कळावयाचा तर वैमानिकांच्या उड्डाणवह्या पाहिल्या पाहिजेत. तींत प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, सोबतच्या वैमानिकाचें नांव आणि लागलेला वेळ यांची नोंद असते. अशा दोन वह्यांत एकच क्रमांक आढळला कीं त्या एका विमानाचें चरित्र जुळूं लागतें. आमच्या मतें या वह्यांची योग्यता जुन्या रोजकीर्दीहून कमी नाहीं. परंतु त्या घरोघर विखुरलेल्या आहेत, आणि मालकाच्या पश्चात् रद्दीच्या तागडींत जाण्याची भीति आहे. पोथ्यांसाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या आमच्या वाचकांस विनंति इतकीच कीं, अशी वही दृष्टीस पडल्यास मूळ वही घरच्यांकडेच राहूं द्यावी, पण त्यांच्या अनुमतीनें तिची पानवार नक्कल अवश्य करून घ्यावी.