एफ-४० हे ९५९ला दिलेलं उत्तर नव्हतं

जुन्या गाड्यांच्या गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास कानावर पडतं : 'पोर्शनं ९५९ काढली, म्हणून चिडून फेरारीनं एफ-४० काढली.' जर्मनी विरुद्ध इटली असं भांडण ऐकायला रंगतदार वाटतं, म्हणून ते टिकलंय. पण ते चूक आहे, आणि खोडायला कुणाच्या आठवणी लागत नाहीत. इंजिनाचे आकडे पुरतात.

दोन्ही गाड्यांचं मूळ 'ग्रुप बी' या शर्यतींच्या नियमांत आहे. २०० गाड्या बनवा, मग शर्यतीत उतरा, ही अट. शिवाय टर्बो असेल तर इंजिनाचा आकार १.४नं गुणून गाडीचा वर्ग ठरायचा. आता ९५९चं इंजिन बघा : २,८४९ सीसी. गुणाकार येतो ३,९८९. एफ-४० जिच्यातून पुढे आली, त्या फेरारीनं १९८४मध्ये आणलेल्या २८८ जीटीओचं इंजिन २,८५५ सीसी, गुणाकार ३,९९७. दोन्ही त्या वर्गाच्या चार लिटरच्या मर्यादेत जेमतेम बसवलेली! दोघांनी एकमेकांकडे बघून नव्हे, एकाच नियमावलीकडे बघून इंजिनं बेतली होती.

मे १९८६मध्ये कोर्सिकाच्या रॅलीत ग्रुप बीची गाडी चालवणारा हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो यांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षीपासून जागतिक रॅलीतून ग्रुप बी हद्दपार झाला, सर्किटवरची त्याची आशाही मावळली. जीटीओची शर्यतीसाठी घडवलेली 'इव्होलुझिओने' ही आवृत्ती त्यामुळे बिनकामाची ठरली. एफ-४० जन्मली ती तिच्यातून. जुलै १९८७मध्ये, कंपनीच्या चाळिशीनिमित्त ती लोकांसमोर आली. तिचं इंजिन २,९३६ सीसी; १.४नं गुणा, ४,११० येतात. मर्यादा सरळ ओलांडलेली, कारण पाळायला ती उरलीच नव्हती. पुढे बाजारात दोघींची तुलना झाली, ती होणारच होती. पण तुलना झाली म्हणून एकीच्या रागातून दुसरी जन्मली, असं कसं म्हणता येईल?

'दोन्हींत दोन-दोन टर्बो, म्हणजे सगळं सारखंच' हेही ऐकून ऐकून वैताग येतो. ९५९मध्ये इंजिनाचे फेरे कमी असताना सगळा धूर एकाच टर्बोकडे जातो. त्यामुळे तो लवकर फिरू लागतो. फेरे वाढले की दुसरा सामील होतो. एफ-४०चे दोन्ही टर्बो एकदमच काम करतात. त्यामुळे आधी गाडी सुस्त वाटते, आणि मग पाठीत धक्का बसावा तशी सुटते. गाडी चालवताना जाणवतो तो हा फरक. कंपन्यांनी सांगितलेल्या कमाल वेगात, ताशी ३१७ आणि ३२४ किलोमीटरमध्ये, अंतर अवघं सातचं, आणि वाद घालणारे नेमके तेच धरून बसतात.

असेच आणखी काही दावे ऐकू येतात. 'एफ-४०मध्ये पैसे वाचवले.' नाही, वजन वाचवलं. दार आतून उघडायला साधी तार ओढायची. गालिचा नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही.

'९५९ म्हणजे नुसती आरामगाडी.' १९८६च्या पॅरिस-डाकार रॅलीत पहिला आणि दुसरा क्रमांक ९५९चाच होता. सहाराच्या वाळूतून.

'एफ-४० अस्सल इटालियन.' टर्बो मात्र आयएचआय या जपानी कंपनीचे.