मुक्या सोबत्याची खाज : आधी कारण, मग उपाय

घरातील कुत्रे रात्रभर अंग खाजवत राहते, पंजे चाटत बसते आणि घरातील मंडळींची झोप उडते. सकाळी कोणी खोबरेल तेल चोळण्यास सुचवितो, कोणी कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घालण्यास सांगतो, तर कोणी आपल्याच औषधांच्या डब्यातील मलम काढून देतो. दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी खाज पुन्हा सुरू होते.

असे होण्याचे कारण साधे आहे. खाज हा आजार नसून ते एक लक्षण आहे. ताळेबंद जुळला नाही तर अनुभवी मुनीम बेरीज खोडून बसत नाही. तो कीर्द उघडतो आणि चुकलेली मूळ नोंद शोधतो. कुत्र्याच्या त्वचेच्या बाबतीतही हीच शिस्त लागते. मुका जीव आपले दुखणे सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने पाहण्याचे आणि टिपून ठेवण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते.

त्याची त्वचा आपल्यासारखी नाही

माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण १० ते १५ थर असतात; कुत्र्याच्या त्वचेत ते अवघे ३ ते ५ असतात. माणसाच्या त्वचेचा सामू ५.५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. कुत्र्याचा सात अंकाच्या जवळ असतो. त्यामुळे आपला साबण किंवा शाम्पू त्याला मानवत नाही. त्वचेवरील नैसर्गिक स्निग्धांश धुऊन जातो, कोंडा पडतो आणि खाज वाढते. दर दोन-तीन दिवसांनी आंघोळ, वातानुकूलित खोलीतील कोरडी हवा आणि नाशिक, सोलापूरकडील हिवाळा यांमुळेही त्वचा रुक्ष होते. याउलट कोकणपट्टीच्या दमट पावसाळ्यात ओल्या केसांखाली बुरशी व जिवाणू वाढतात. त्वचा तेलकट होते आणि तिला आंबूस वास येतो.

खाज कोठे आहे, ते पाहावे

कंबरेचा मागचा भाग व शेपटीचे मूळ येथे खाज असेल तर प्रथम पिसवांचा संशय घ्यावा. ज्याला पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते, त्याला थोडेसे दंशही बेजार करतात. बारीक दातांच्या फणीने केस विंचरावेत आणि पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. त्यांचा लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा समजावी.

पंजे, बगला, जांघा, चेहरा आणि कान यांना खाज असेल, आणि त्रास सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू झाला असेल, तर धूळकीटक, परागकण किंवा बुरशी यांची अ‍ॅलर्जी असण्याचा संभव असतो. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, पग, जर्मन शेफर्ड या जातींत ही प्रवृत्ती अधिक आढळते.

कानांच्या कडा आणि कोपरे येथे खपल्या धरल्या असतील आणि खाज असह्य असेल तर ती लूत असू शकते. ती दुसऱ्या कुत्र्यांना लागते आणि जवळ घेणाऱ्या माणसाच्या अंगावरही पुरळ उठवते. गोल, केस गेलेले चट्टे नायट्याचे असू शकतात आणि तोही मुलांना लागतो. उतारवयात खाज नसताना केस विरळ होत असतील आणि वजन वाढत असेल, तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी.

पिसवा, गोचिडी आणि अहिंसा

येथे आपल्या घरांत एक खरा पेच उभा राहतो. पिसवा, गोचिडी हेही जीवच. मग औषध घालावे कसे? या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मात्र गोचिडींमुळे कुत्र्याला रक्ताचे गंभीर आजार होतात आणि त्यांत ते दगावू शकते, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्या विवेकाने आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने घ्यावा. पण एक मार्ग सर्वांना मान्य होईल, तो म्हणजे जीवोत्पत्तीच होऊ न देण्याचा. पिसवांपैकी अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी आणि अळ्या अंथरुणात, सतरंजीत आणि फरशीच्या फटींत असतात. प्रादुर्भाव होण्यापूर्वीपासूनच अंथरूण दर आठवड्याला धुऊन उन्हात वाळवावे, केर नीट काढावा आणि फिरून आल्यावर कुत्र्याचे अंग तपासावे. जितकी दक्षता अधिक, तितकी हिंसा कमी.

दूध-पोळीचा प्रश्न

शाकाहारी घरांत कुत्र्याला बहुधा दूध-पोळी मिळते. वात्सल्य खरे; परंतु कुत्र्यांतील अन्नाच्या अ‍ॅलर्जीस कारण ठरणाऱ्या प्रमुख पदार्थांत मांसाच्या काही प्रकारांबरोबर दूध आणि गहू यांचाही समावेश आहे. खाज बारमाही असेल, कान वारंवार बिघडत असतील आणि पोटही नरम राहत असेल, तर आहाराकडे पाहणे अगत्याचे ठरते. याची खात्री रक्ततपासणीने होत नाही. पशुवैद्यांनी ठरवून दिलेला, पूर्वी न खाल्लेल्या घटकांचा आहार किमान आठ आठवडे द्यावा लागतो; खाज कमी झाल्यावर जुना आहार पुन्हा देऊन पाहिले म्हणजे निदान पक्के होते. सोयाबीनच्या विघटित प्रथिनांपासून केलेली खाद्येही मिळतात. ती आपल्या घरांना सोयीची. मात्र या काळात आजीचे बिस्किट, नातवाचा पेढा आणि दुकानातल्या नोकराची खारी, सारे बंद! एका तुकड्याने सहा आठवड्यांचे श्रम वाया जातात.

शाकाहारावर कुत्रे निरोगी राहू शकते. परंतु आहार संतुलित हवा. केवळ धान्यावर वाढलेल्या कुत्र्यास जस्त व आवश्यक मेदाम्ले कमी पडू शकतात, आणि केस निस्तेज व त्वचा कोरडी होते. सूर्यफूल किंवा करडईच्या तेलातील लिनोलिक आम्ल उपयोगी असते. त्याचे प्रमाण पशुवैद्यांना विचारून ठरवावे.

आराम कसा द्यावा

आंघोळीस गरम पाणी वापरू नये. कोमट किंवा थंडसर पाणी घ्यावे. कुत्र्यांसाठीचा ओटयुक्त सौम्य शाम्पू साधारण दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा आणि नंतर त्याचा अंशही न उरेल असे धुवावे. पंजे व बगला टिपून कोरड्या कराव्यात. फिरून आल्यावर ओल्या फडक्याने पंजे व पोट पुसले तर परागकण आणि धूळ निघून जाते.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. लुतीवर रॉकेल किंवा इंजिनचे जळके तेल लावण्याची जुनी रीत घातक आहे. कुत्रे ते चाटते आणि विष पोटात जाते. फिनेल, टी-ट्री तेल, माणसांची मलमे यांचाही तोच धोका. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने देऊ नये. कोली जातीच्या कुत्र्यांना त्याची विषबाधा विशेष होते.

पशुवैद्य त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; काही मिनिटांच्या या तपासणीने अनेक तर्क मिटतात. खाज त्वरित थांबविणारे स्टेरॉइड उपयुक्त आहे. पण ते दीर्घकाळ दिल्यास तहान, भूक व वजन वाढते आणि इतर दुष्परिणामही होतात. ते मनाने सुरू करू नये, तसेच एकाएकी बंदही करू नये. ओक्लासिटिनिब या औषधाला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाल्यापासून अ‍ॅलर्जीच्या खाजेवर आणखी एक मार्ग खुला झाला आहे. वातावरणातील अ‍ॅलर्जी मात्र बहुधा समूळ जात नाही. ती आयुष्यभर आटोक्यात ठेवावी लागते, याची मनाशी तयारी असावी.

खाजेची रोजकीर्द

बँकेतील नोकरीने मला एक गोष्ट पक्की शिकविली : स्मरणावर विसंबू नये, नोंदीवर विसंबावे. एक साधी वही घ्यावी. रोज रात्री खाजेस शून्य ते दहा असा अंक द्यावा. शून्य म्हणजे खाज नाही, दहा म्हणजे क्षणाचीही उसंत नाही. शेजारी त्या दिवशीचे खाणे, आंघोळ, औषध, हवामान आणि खाजेची जागा लिहावी. महिनाभरात चित्र स्पष्ट होते : अंक पावसाळ्यात चढतो, की अंथरूण बदलल्यावर उतरतो, की बाराही महिने तसाच राहतो. ही वही पशुवैद्यांपुढे ठेवली म्हणजे मुक्या रुग्णाची हकिगत त्यांना मिळते आणि अनावश्यक औषधांचा खर्चही वाचतो.

त्वचेतून पाणी किंवा पू येणे, ताप, अन्नावरील वासना जाणे, किंवा चेहऱ्यावर अचानक सूज येणे, यांपैकी काहीही दिसल्यास वहीत लिहीत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. इतर वेळी मात्र घाईने दहा उपाय करण्यापेक्षा धीराने एक कारण शोधणे, हीच त्या मुक्या जिवावरील खरी दया होय.