वजन उतरल्यानंतरचे रूप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे रूप ज्या वेगाने पालटते, तसा वेग प्रौढ वयातील शरीरबदलांत क्वचितच आढळतो. वैद्यकशास्त्रात ‘बॅरिअॅट्रिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शस्त्रक्रियांपैकी दोन सध्या विशेष प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकला जातो आणि उरलेल्या जठराला अरुंद नळीचा आकार येतो, तर ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न बाकीचे जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे सरकते. पहिल्या प्रकारानंतर एकूण वजनाचा साधारण चौथा हिस्सा आणि दुसऱ्यानंतर जवळपास ३० टक्के वजन उतरते, म्हणजे १२० किलोंची व्यक्ती ८४ ते ९० किलोंच्या आसपास येते. ही घट पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि बारा ते अठरा महिन्यांत बहुतांशी स्थिरावते. बदललेल्या शरीराशी जुळवून घेण्याची प्रक्रिया मात्र याहून बरीच लांबते, आणि तिच्याविषयीचे गैरसमज शस्त्रक्रियेआधीच दूर झाले नाहीत, तर वैद्यकीयदृष्ट्या यशस्वी ठरलेल्या उपचारानंतरही रुग्ण स्वतःला अपयशी समजू लागतो.

यांतील बहुतेक गैरसमजांच्या मुळाशी एकच समजूत आहे: ही शस्त्रक्रिया चांगले दिसण्यासाठी करतात. तिच्यात पोटावरची चरबी काढून घेतली जाते, असेही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात चरबी शोषून काढण्याची ‘लिपोसक्शन’ ही क्रिया पूर्णपणे वेगळी आहे आणि ती लठ्ठपणावरचा उपचार नाही. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेमुळे पचनमार्गाची रचना बदलते आणि तिच्याबरोबर भूक व तृप्ती यांचे संदेश वाहणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाणही बदलते. उदाहरणार्थ, भूक चाळवणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक प्रामुख्याने जठराच्या ज्या भागात तयार होते, तोच भाग स्लीव्ह शस्त्रक्रियेत काढला जातो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी १९६०च्या दशकात गॅस्ट्रिक बायपास विकसित केला, तेव्हापासून या उपचाराचे मोजमाप आजारांच्या संदर्भातच होत आले आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या आणि सुमारे चार हजार लठ्ठ व्यक्तींचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासातून २००७ साली असे दिसून आले, की शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी होते. कोणाला शस्त्रक्रिया सुचवावी हेदेखील वजन आणि उंची यांच्या गुणोत्तरावरून, म्हणजे ‘बॉडी मास इंडेक्स’वरून, आणि सोबतच्या आजारांवरून ठरते. आशियाई वंशाच्या व्यक्तींना तुलनेने कमी वजनावरच मधुमेहासारखे विकार जडत असल्यामुळे त्यांच्यासाठी ही मर्यादा खाली ठेवलेली आहे. विवाह जमावा, समारंभात उठून दिसावे अशा अपेक्षा मनात बाळगणे हा काही गुन्हा नाही. परंतु त्या अपेक्षांची पूर्तता हे या उपचाराचे उद्दिष्टच नसते, ही गोष्ट रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे.

त्वचेविषयीचा गैरसमज सर्वांत जास्त मनस्ताप देतो. भरपूर व्यायाम केला, नियमित तेलाने मालिश केली किंवा एखादे महागडे मलम लावले की सैल त्वचा आपोआप आवळते, असे सांगणारे घरोघरी भेटतात. त्वचेचा ताठपणा आणि लवचीकपणा तिच्या आतल्या थरातील ‘कोलॅजन’ व ‘इलॅस्टिन’ या प्रथिनांच्या तंतूंवर अवलंबून असतो. अनेक वर्षे ताणाखाली राहिल्यामुळे हे तंतू विरळ आणि विस्कळीत होतात, आणि आतली चरबी वेगाने घटली तरी त्वचा पूर्वीच्या मापाला परत येऊ शकत नाही. कोणाची त्वचा किती सैल राहील हे वय, लठ्ठपणाचा कालावधी, उतरलेले वजन, आनुवंशिकता आणि धूम्रपान यांसारख्या घटकांवर अवलंबून असते. यांतील बहुतेक गोष्टी शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या हातात उरलेल्या नसतात. व्यायामाने स्नायू टिकतात आणि वाढतात, म्हणून दंड किंवा मांडी थोडी भरल्यासारखी दिसते, आणि या कारणासाठी व्यायाम अत्यंत आवश्यकच आहे. पण स्नायूंवरची सैल त्वचा त्याने आक्रसत नाही. पोटाखाली, दंडांवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, स्तनांवर आणि पुरुषांच्या छातीवरही त्वचा लोंबत राहणे हा मोठ्या वजनघटीचा अपेक्षित परिणाम आहे, रुग्णाच्या आळसाचा पुरावा नव्हे.

या सैल त्वचेला उरलेली चरबी समजण्याची चूक त्याहून धोकादायक ठरते. आरशात पोटाची घडी दिसली की अजून वजन उतरायचे बाकी आहे असे वाटून काही जण आधीच अल्प असलेला आहार आणखी तोडतात. जठराची क्षमता कमी झालेल्या व्यक्तीने दिवसाकाठी साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जातील याची काळजी घ्यायची असते. आमटी-भाताच्या चार घासांत पोट भरणाऱ्याला, विशेषतः शाकाहारी माणसाला, हे प्रमाण गाठणे मुळातच अवघड असते. त्यात जाणूनबुजून उपास घडला तर चरबीऐवजी स्नायू झिजतात, अशक्तपणा येतो आणि त्वचा अधिकच रिकामी दिसू लागते.

त्वचेचा प्रश्न केवळ दिसण्याचा आहे, हेही खरे नाही. घड्यांमध्ये घाम साचून त्वचेला त्वचा घासते, तिथे लाली, खाज, दुर्गंधी आणि बुरशीचा संसर्ग उद्भवतो. कोकण-गोव्याच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात कपडे नीट वाळत नाहीत तेव्हा, हा त्रास वाढतो. घड्या टिपून कोरड्या ठेवणे, सुती आणि अंगाबरोबर बसणारे कपडे वापरणे, पुरळ उठल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडून औषध घेणे एवढ्यावर अनेकांचे भागते. ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी लोंबणारी त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रिया आहेत. त्यांतील ‘पॅनिक्युलेक्टॉमी’मध्ये पोटावरून खाली लोंबणारा पदर फक्त कापून काढतात, तर ‘अॅब्डोमिनोप्लास्टी’मध्ये, जिला बोलीभाषेत ‘टमी टक’ म्हणतात, पोटाचे सैलावलेले स्नायूही घट्ट केले जातात. या शस्त्रक्रिया लगेच उरकून घ्याव्यात असा आग्रह धरणे चुकीचे आहे. वजन काही महिने स्थिर राहिल्यावर, म्हणजे साधारणपणे पहिल्या शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिन्यांनी त्यांचा विचार केला जातो, कारण त्याआधी काढलेल्या त्वचेच्या जागी नवी सैल त्वचा उतरू शकते. शिवाय रक्तातील लोह व प्रथिने यांची कमतरता असताना केलेल्या लांब छेदाच्या जखमा नीट भरत नाहीत. धूम्रपानानेही जखम भरण्यात अडथळा येतो. आणि या शस्त्रक्रियेनंतर घडी जाते, पण तिच्या जागी कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारा व्रण कायमचा राहतो. ही अदलाबदल मान्य आहे का, हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे. भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित नियमांनुसार बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेचा खर्च ठरावीक वैद्यकीय अटी पूर्ण झाल्यास मिळू शकतो, परंतु रूप बदलणाऱ्या शस्त्रक्रिया मात्र अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय निकड असल्याशिवाय वगळलेल्या असतात, म्हणून घड्यांतील वारंवार होणाऱ्या संसर्गाची नोंद डॉक्टरांच्या कागदपत्रांत वेळच्या वेळी होत राहणे महत्त्वाचे ठरते.

केस गळू लागले की शस्त्रक्रिया अंगावर आली आणि आता टक्कल पडणार, अशी भीती विशेषतः स्त्रियांना वाटते. एरवी डोक्यावरील दहा-पंधरा टक्के केस विश्रांतीच्या अवस्थेत असतात. मोठी शस्त्रक्रिया आणि झपाट्याने घटणारे वजन यांच्या ताणामुळे एकाच वेळी पुष्कळ केस या अवस्थेत जातात आणि दोन-चार महिन्यांनी गळतात. या प्रकाराला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ म्हणतात. यात केसांची मुळे जिवंत असतात, त्यामुळे काही महिन्यांत केस पुन्हा उगवतात. गळती वर्षभर लांबली किंवा उशिरा सुरू झाली, तर मात्र लोह, जस्त आणि प्रथिने यांची तपासणी करून घ्यावी. चेहऱ्याचेही तसेच आहे. गाल आणि डोळ्यांखालची चरबी कमी झाल्यामुळे माणूस वर्षभरात वयस्कर दिसू लागतो. तपासण्या व्यवस्थित असतील तर हा बदल आजाराचा निदर्शक नसतो.

शरीर बदलले की मनही आपोआप बदलते, हा समज मात्र सविस्तर तपासण्यासारखा आहे. स्वतःच्या शरीराचे जे चित्र माणूस मनात वागवतो त्याला ‘देहप्रतिमा’ म्हणतात. मनोविश्लेषक पॉल शिल्डर यांनी १९३५ साली या कल्पनेचा विस्ताराने विचार मांडला आणि ही प्रतिमा केवळ डोळ्यांनी दिसणाऱ्या आकारातून नव्हे, तर हालचाल, स्पर्श, भावना आणि इतरांचे वागणे यांतून घडते हे दाखवले. अशा रीतीने घडलेली प्रतिमा वजनाच्या वेगाने बदलणे शक्यच नसते. आल्बर्ट स्टंकार्ड आणि मायर मेंडेलसन यांनी १९६०च्या दशकात लठ्ठ व्यक्तींच्या देहप्रतिमेचा अभ्यास केला, तेव्हा बालपणापासून किंवा किशोरवयापासून लठ्ठ असलेल्यांमध्ये स्वतःच्या शरीराविषयीची घृणा खोलवर रुजलेली आणि चिवट असल्याचे त्यांना आढळले. पुढे १९९०च्या सुमारास थॉमस कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे नोंदवले, की पूर्वी लठ्ठ असलेल्या आणि आता तशा न राहिलेल्या स्त्रियांच्या मनातही जुन्या देहप्रतिमेचे अवशेष शिल्लक राहतात.

हे अवशेष रोजच्या वागण्यात दिसतात. सहज मावेल अशा जागेतून आडवे होऊन जाणे, रिक्षात तिसऱ्या माणसाला बसवून घ्यायला संकोचणे, प्लास्टिकची खुर्ची तपासून मगच बसणे, दुकानात नकळत सर्वांत मोठे माप मागणे, एकत्र छायाचित्रात मागच्या रांगेत उभे राहणे, या सवयी वजन उतरल्यानंतरही दीर्घकाळ टिकू शकतात. हा वेडेपणा नव्हे, की कृतघ्नपणाही नव्हे. अनेक वर्षे ज्या शरीराने जगाशी व्यवहार केला त्याचे अंदाज मेंदूत पक्के झालेले असतात, आणि नवे अंदाज तितक्याच प्रत्यक्ष अनुभवांतून बांधावे लागतात. ठरावीक अंतराने छायाचित्रे काढून शेजारी ठेवून पाहणे, जुने ढगळ कपडे कपाटात साठवण्याऐवजी मापाचे थोडेच पण नवे कपडे शिवून घेणे, टाळलेल्या जागी आणि प्रसंगी मुद्दाम जाणे या साध्या उपायांचा उपयोग होतो. आरसा टाळणे किंवा दिवसभर आरशात निरखत राहणे यांपैकी काहीही दैनंदिन जीवनाच्या आड येऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाचे किंवा समुपदेशकाचे साहाय्य घेणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

नव्या रूपाचे सगळीकडे कौतुकच होते, हा समजही अनुभवाला टिकत नाही. कौतुकाबरोबर ‘काय गं, आजारी होतीस का?’, ‘साखर निघाली का?’ असे प्रश्न येतात, पंगतीत वाढणारे आग्रह सोडत नाहीत, आणि शस्त्रक्रियेविषयी कळलेले लोक ‘सोपा मार्ग निवडला’ असे बोलून मोकळे होतात. आयुष्यभर जीवनसत्त्वे घ्यायची, दरवर्षी रक्त तपासायचे, प्रत्येक घास सावकाश चावायचा आणि मोठ्या शस्त्रक्रियेची जोखीम पत्करायची, या मार्गाला सोपा म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय आजवर दुर्लक्ष करणारी माणसे अचानक अदबीने वागू लागली की आनंदासोबत रागही येतो, कारण पूर्वीची वागणूक कशामुळे होती हे आता उघड झालेले असते. हा राग रास्त आहे आणि तो दाबून टाकण्याची गरज नाही. नातेसंबंधांवरील परिणामही एकाच दिशेचा नसतो: २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासांच्या विश्लेषणात शस्त्रक्रियेनंतर एकट्या व्यक्तींमध्ये विवाहाचे व नव्या सहजीवनाचे प्रमाण वाढलेले आढळले, तर आधीपासून जोडीदार असलेल्यांमध्ये विभक्त होण्याचे प्रमाणही वाढलेले आढळले. व्यवहारातील एक लहानशी गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे: ओळखपत्रावरील चेहरा ओळखू येईनासा झाला, तर आधार केंद्रात छायाचित्र अद्ययावत करता येते आणि ‘रूपातील बदल’ या कारणासाठी नवे पारपत्रही मागता येते.

वजन उतरल्यावर नैराश्य उरत नाही, या समजुतीची किंमत सर्वांत मोठी असू शकते. बहुतेकांची मनःस्थिती पहिल्या वर्षात सुधारते हे खरे आहे. परंतु स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या त्या दीर्घ अभ्यासात जीवनमानातील सुधारणा पहिल्या वर्षी शिखर गाठून नंतर काही वर्षे हळूहळू ओसरली आणि मग मूळ पातळीच्या वर स्थिर राहिली. कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांतात सुमारे ८,८०० रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना शस्त्रक्रियेनंतरच्या काळात आधीपेक्षा सुमारे दीडपट आढळल्या. अशा रुग्णांची संख्या थोडी होती, तरी ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. गॅस्ट्रिक बायपासनंतर मद्य रक्तात लवकर आणि अधिक तीव्रतेने चढते, आणि अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात मद्याच्या विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेआधीच्या ७.६ टक्क्यांवरून दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाले होते. जेवण हाच ज्यांचा दिलासा होता त्यांच्याकडून तो काढून घेतला जातो, त्यामुळे पोकळी जाणवणे स्वाभाविक आहे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जगणे नकोसे वाटले, तर वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे. भारतात ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

आणि नवे रूप हे अखेरचे रूप असते, असेही नाही. दुसऱ्या वर्षानंतर काही किलो वजन परत वाढणे सर्वसाधारण आहे, कारण शरीराच्या भुकेच्या यंत्रणा नव्या परिस्थितीशी जुळवून घेत असतात. अशा वेळी लाजेपोटी तपासणीला जाणेच बंद करणारे रुग्ण थोडे नाहीत, आणि त्यामुळे बी-१२ किंवा लोहाची कमतरतादेखील निदानाशिवाय राहून जाते. वार्षिक तपासणीला वजन वाढलेले असतानाही जावे, आणि तिथे रक्ताच्या अहवालाबरोबर त्वचेच्या, केसांच्या, आरशापुढच्या अस्वस्थतेच्या तक्रारीही सांगाव्यात. डॉक्टरांनी त्यांविषयी विचारले नाही, तर रुग्णाने त्या स्वतःहून मांडाव्यात.