मैफल आखूड करायची की जवळ आणायची?

लंडनचा कॅमडेन हा भाग मराठी वाचकाला ठाऊक असतो तो बहुधा किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरामुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22मध्ये तिथे राहत होते आणि महाराष्ट्र सरकारने 2015मध्ये ते घर विकत घेतले. तिथून चालत थोड्याच अंतरावर चॉक फार्मचे राउंडहाउस आहे. याच भागाच्या दक्षिण टोकाला, होबर्नच्या रेड लायन स्क्वेअरमध्ये, कॉनवे हॉल आहे. दोन्ही वास्तू मैफलींच्या. शहरातल्या माणसाला आता वेळ नाही, तेव्हा मैफली छोट्या करा, सोप्या करा, तरच अभिजात संगीताला श्रोते मिळतील, असे मुंबई-पुण्यात वारंवार ऐकू येते. हे म्हणणे तपासून पाहायचे तर कॅमडेनसारखी जागा नाही. कामाने पिचलेल्या शहरी श्रोत्याला गाण्यापर्यंत आणण्याचे प्रयोग इथे आणि आसपास सव्वाशेहून अधिक वर्षे चालू आहेत, आणि त्यांतले जे टिकले त्यांनी सहसा संगीताला कात्री लावलेली नाही. त्यांनी बदलले ते बाकीचे सगळे: वार, वेळ, तिकीट, जागा.

स्वस्तात चांगले संगीत ऐकवण्यासाठी 1878मध्ये लंडनमध्ये पीपल्स कॉन्सर्ट सोसायटी निघाली. फिन्सबरीतल्या साउथ प्लेस चॅपेलमधले तिचे कार्यक्रम पुढे 1887मध्ये साउथ प्लेस एथिकल सोसायटीने आपल्या हाती घेतले. ही मंडळी प्रार्थनेपेक्षा विवेकाला मानणारी, त्यामुळे रविवारची संध्याकाळ त्यांना मोकळी होती. कारखान्यातल्या आणि कचेरीतल्या माणसालाही नेमकी तीच मोकळी होती. रविवारच्या करमणुकीला प्रवेशशुल्क घेण्यावर 1780च्या कायद्याची बंदी होती, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. प्रवेश खुला ठेवायचा आणि श्रोत्यांनी ऐच्छिक वर्गणी द्यायची, ही पद्धत त्या चौकटीत चपखल बसली. कार्यक्रमात मात्र सवलत नव्हती. चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांसाठी रचलेले, लक्ष देऊन ऐकावे लागणारे संगीत, हाच या मालिकेचा कणा. आल्फ्रेड क्लेमेंट्स या चिटणीसाने पन्नासहून अधिक वर्षे ती सांभाळली. 1927मध्ये हजारावा कार्यक्रम झाला, 1929मध्ये कॉनवे हॉल उभा राहिल्यावर मालिका तिथे आली, आणि रविवारची संध्याकाळ आजही तिचीच आहे. श्रोत्याला जाहिरात शोधावी लागत नाही. रविवार आहे म्हणजे गाणे-बजावणे आहे, एवढे त्याला पुरते. आपल्याकडे हे बळ सवाई गंधर्व महोत्सवाला लाभले. 1953पासूनच्या सातत्यामुळे पुणेकर डिसेंबरमधले ते दिवस आधीच राखून ठेवतो. पण तो वर्षातून एकदा, आणि सवय आठवड्याने लागते, वर्षाने नव्हे.

वेळेचे महत्त्व याहून ठळकपणे दाखवले ते मायरा हेस यांनी. आजच्या कॅमडेनमध्ये मोडणाऱ्या साउथ हॅम्पस्टेडमध्ये जन्मलेल्या या पियानोवादक. ऑक्टोबर 1939मध्ये, युद्धामुळे सभागृहे बंद पडलेली असताना, त्यांनी चित्रे हलवून रिकाम्या झालेल्या नॅशनल गॅलरीत दुपारच्या मैफली सुरू केल्या. सोमवार ते शुक्रवार, जेवणाच्या सुट्टीत, तिकीट एक शिलिंग, आणि बाहेर सँडविचची सोय. 1946पर्यंत अशा 1,698 मैफली झाल्या आणि आठ लाखांवर श्रोत्यांनी त्या ऐकल्या. इथे मैफल तासाभराची होती हे खरे, आणि आखूडपणाचा कैवार घेणारे नेमके त्यावर बोट ठेवतील. पण त्या तासात मोझार्टचे पियानो कॉन्चेर्तो पूर्ण वाजत होते. तास ठरला होता तो श्रोत्याच्या सुट्टीवरून. त्याची बुद्धी तेवढीच, असे गृहीत धरून नव्हे. हा फरक बारीक वाटला तरी सगळे त्यावरच अवलंबून आहे.

दुसरा अडसर भीतीचा. टाळी कधी वाजवायची, काय घालायचे, शेजारचा हसेल का, ही धास्ती तिकिटापेक्षा महाग पडते. पिएर बुलेझ 1971 ते 1975 बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख संचालक होते. त्या काळात त्यांनी राउंडहाउसमध्ये, म्हणजे 1847मध्ये रेल्वे इंजिनांसाठी बांधलेल्या शेडमध्ये, अनौपचारिक मैफली केल्या. संगीत होते अगदी नवे, पचायला जड, आणि त्यावर श्रोत्यांशी मोकळी बातचीत. ऑर्केस्ट्रा ऑफ दि एज ऑफ एनलाइटनमेंटने 2006मध्ये ‘नाइट शिफ्ट’ सुरू केली आणि पुढे जुने युरोपीय संगीत थेट पबमध्ये नेले. वादक स्वतः माहिती सांगतात आणि हातात पेला असला तरी कोणी डोळे वटारत नाही. हाच वाद्यवृंद 2020पासून कॅमडेनमधल्या ॲक्लंड बर्ली या सरकारी शाळेत मुक्कामाला आहे. अशा सैलपणाने एकाग्रता मोडते, हा आक्षेप मराठी रसिक घेतो तेव्हा थोडी गंमत वाटते. चहा घेत, मान डोलावत, ‘क्या बात है’ म्हणत ऐकण्याची बैठक आपलीच. गिरगावातल्या गणेशोत्सवांत मोठमोठे गवई चाळीच्या दारी गात, तेही आपलेच. सभागृहाचा कडकपणा आपल्याकडे उसना आला, आणि आता तोच आपल्याला परंपरा वाटू लागला आहे.

खरा जड आक्षेप वेगळा आहे. चार वादकांच्या क्वार्टेटची लांबी कागदावर ठरलेली असते; ख्याल घडत जातो, त्याला अवकाश लागतो. ते मान्यच आहे. पण 78 फेऱ्यांच्या तबकडीवर अब्दुल करीम खाँ आणि हिराबाई बडोदेकर यांनी जेमतेम तीन मिनिटांत राग उभा केला, आणि त्या तबकड्यांनी मैफलीचा श्रोता घडवला, पळवला नाही. एका रागाचा निवांत पाऊण तास पूर्ण वाटू शकतो. सत्कार, शाली आणि प्रायोजकांच्या भाषणांनी भरलेले तीन तास मात्र अपुरे वाटतात. वेळ खातो कोण, हे एकदा घड्याळ लावून पाहायला हवे. शिवाय लांबीवर घाला गाण्याच्या बाहेरूनच पडला आहे. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले आणि सवाईची रात्रभर चालणारी सत्रे संपली. मध्यरात्रीनंतरचे राग आता बहुतेकांच्या कानावर प्रत्यक्ष पडत नाहीत. त्यावर वाट काढली गेली ती दिवसाच्या दुसऱ्या टोकाला: मुंबईत पंचम निषादच्या ‘प्रातःस्वर’सारख्या पहाटेच्या मैफलींत ललत-भैरवाला त्यांची वेळ मिळाली, आणि लोकलची गर्दी सुरू होण्याआधीचा शहरी माणूसही.

राहिला पैशाचा प्रश्न. स्वस्ताईची झळ कलावंताला बसते, असे म्हणतात, आणि नुसत्या सद्भावनेवर चालणाऱ्या मालिकांत ती बसतेच. नॅशनल गॅलरीत नावाजलेला असो की नवखा, मानधन सगळ्यांना सारखे होते. तसा समजूतदारपणा युद्धाबाहेर टिकणे कठीण. कॉनवे हॉलने काढलेला मार्ग अधिक व्यवहार्य आहे: प्रौढांना तिकीट, आणि 8 ते 25 वयाच्या श्रोत्यांना कॅव्हटिना या विश्वस्त संस्थेच्या मदतीने मोफत प्रवेश. देणगीदाराचा पैसा इथे मंचामागच्या फलकावर न जाता खुर्चीत बसलेल्या मुलाच्या तिकिटावर जातो. दादर, पार्ले किंवा डेक्कनवरचा एखादा प्रायोजक हे करायला तयार होईल का, हे त्याचे नाव किती मोठ्या अक्षरात छापणार यावर ठरू नये, एवढी अट मात्र आयोजकालाच घालावी लागेल.