सामायिक कचेरीचा सरंजाम

सन 2005 च्या ऑगस्ट महिन्यात ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या संगणक-तज्ज्ञाने सॅन फ्रान्सिस्को शहरातील मिशन भागात, स्पायरल म्यूझ या वास्तूत आठवड्यातून दोन दिवसांपुरती जागा भाड्याने घेऊन, स्वतंत्रपणे उद्योग करणाऱ्या एकांड्या मंडळींनी एकत्र बसून काम करावे अशी तजवीज केली, तेव्हा टेबल-खुर्च्या आणि इंटरनेट यांखेरीज सामुदायिक भोजन, ध्यानासाठी विश्राम, अंगमर्दन आणि सायकलवरील भ्रमंती इतक्या गोष्टींची सोय त्याने तेथे करून ठेवली होती. आणि पहिला महिनाभर तिकडे कोणी फिरकलेही नाही. कोवर्किंग म्हणून आज जगभर पसरलेल्या धंद्याचा आरंभ सामान्यतः या जागेपासून धरतात. ज्या व्यवसायाच्या बारशालाच सवलतींची अशी फजिती झाली, त्याने पुढे त्यांच्यावरच एवढी श्रद्धा ठेवावी, याचे मला राहून राहून नवल वाटते.

या श्रद्धेचे मूळ अर्थात व्यवसायाच्या रचनेत आहे. सामायिक कचेरीचा चालक इमारतीचे मजलेच्या मजले दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घाऊक घेतो आणि तेच खुर्ची-खुर्चीने, महिन्या-महिन्याने, किरकोळ विकतो. म्हणजे त्याच्या डोक्यावरचे देणे वर्षांचे आणि हाती येणारे येणे मात्र केव्हाही काढता पाय घेऊ शकणाऱ्या सभासदाचे. हे अंतर बुजवायचे तर सभासद टिकला पाहिजे, आणि तो टिकावा म्हणून फुकट कॉफी, व्यायामशाळेच्या वर्गणीत सूट, संगणकीय सेवांवर सवलत, शुक्रवारचा मेळावा असा सरंजाम उभा राहतो. तेव्हा सवलत किती आकर्षक आहे हा प्रश्न गौण असून, तिच्यामुळे जाणारा सभासद थांबतो की नाही, एवढाच तिचा हिशेब मांडावा लागतो. गिरगाव-दादरच्या जुन्या खाणावळींत रविवारी फीस्ट असे, तिची वाट मेंबर आठवडाभर पाहत. परंतु सोमवार ते शनिवार आमटी पाण्यासारखी निघाली, तर केवळ रविवारच्या श्रीखंडासाठी महिन्याचे पैसे आगाऊ भरणारा मेंबर विरळाच.

फीस्टच्या जोरावर खाणावळ चालवू पाहण्याचा सर्वांत भव्य प्रयोग न्यूयॉर्कमध्ये झाला. अ‍ॅडम न्यूमन आणि मिगेल मॅकेल्वी यांनी 2010 मध्ये स्थापन केलेल्या वीवर्क या कंपनीच्या कचेऱ्यांत बियरचे नळ बसवलेले असत, आणि ते नळ हेच कंपनीचे बोधचिन्ह आहे की काय असे वाटावे इतकी त्यांची ख्याती झाली. 2018 च्या अखेरीस न्यूयॉर्कमधील सभासदांना दिवसाकाठी चार पेल्यांची मर्यादा घालण्यात आली, तेव्हा त्याचीही वृत्तपत्रांनी बातमी केली. ऑगस्ट 2019 मध्ये भागविक्रीसाठी कंपनीने आपले कागदपत्र सरकारदरबारी दाखल केले आणि सर्वांना जमाखर्च दिसला: 2018 साली उत्पन्न सुमारे 182 कोटी डॉलर, आणि तोटा त्याहून किंचित अधिक, म्हणजे एक डॉलर मिळवण्यासाठी दोन डॉलर खर्च. अमेरिकेतील तिचे भाडेपट्टे सरासरी पंधरा वर्षांचे होते आणि भाड्यापोटी पुढे द्यावयाची रक्कम 4,700 कोटी डॉलरांच्या घरात होती. सप्टेंबरात न्यूमन यांना प्रमुखपद सोडावे लागले, भागविक्री गुंडाळली गेली, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला.

ही कंपनी बियरने बुडाली असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तिच्या ताळेबंदात बियर ही किरकोळ बाब होती. बुडवले ते भाड्याने, आणि नंतर महामारीने ओस पाडलेल्या कचेऱ्यांनी. पण पंधरा वर्षांचे देणे आणि काही महिन्यांचे येणे यांमधली दरी बियर बुजवू शकली नाही, हे तितकेच खरे. 2020 च्या आरंभी उत्तर अमेरिकेतील हे नळ बंद करण्याचे ठरले, तेव्हा त्यासाठी कोणी आंदोलन केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सरंजाम आणि गरज यांतील विसंगती ज्या प्रसंगाने मला सर्वांत स्पष्ट दिसते, तो ऑक्टोबर 2019 मधला आहे. टेलिफोनवर बोलण्यासाठी उभारलेल्या छोट्या बंदिस्त खोल्यांत फॉर्माल्डिहाइडचा दूषित वायू असण्याचा संभव दिसल्यामुळे, अमेरिका व कॅनडातील तशा सुमारे 2,300 खोल्या वीवर्कला बंद कराव्या लागल्या. शेकडो माणसे एका दालनात बसली असता, ज्याला आपल्या अशिलाशी किंवा सावकाराशी चार शब्द खाजगीत बोलावयाचे आहेत, त्याला लागतो तो एक लावता येणारा दरवाजा. आणि नेमका तोच बंद झाला.

दुसऱ्या एका जातीची सवलत मात्र टिकाऊ ठरलेली दिसते, आणि तिच्यावर चालकाला जवळजवळ काहीच खर्चावे लागत नाही. फिलाडेल्फियात 2007 साली सुरू झालेल्या इंडी हॉल या संस्थेचे अ‍ॅलेक्स हिलमन यांनी माणसे आधी जमवली आणि जागा मागाहून घेतली. त्यामुळे तेथे येणारा मनुष्य खुर्चीसाठी नव्हे, तर शेजारच्या खुर्चीवरील ओळखीच्या माणसासाठी येत असे. त्याच सुमारास छोट्या सामायिक कचेऱ्यांनी आपसांत ‘कोवर्किंग व्हिसा’ची मुभा निर्माण केली: एका ठिकाणच्या सभासदाने परगावी गेल्यास तेथील कचेरीत काही दिवस विनामूल्य बसावे. पाहुणा आज येतो, उद्या आपला सभासद तिकडे जातो, आणि देवाणघेवाणीचा जमाखर्च आपोआप जुळतो.

आपल्याकडे, विशेषतः पुण्या-मुंबईत, या सगळ्याहून अधिक घट्ट धरून ठेवणारी सवलत एकच आहे, आणि जाहिरातीत ती बहुधा सर्वांत खाली, बारीक अक्षरांत असते: पत्ता. जीएसटीची नोंदणी करताना व्यवसायाच्या मुख्य जागेचा पुरावा द्यावा लागतो. तेव्हा घरातून काम करणारा सल्लागार किंवा नवी कंपनी काढलेला तरुण सामायिक कचेरीकडून करारनामा, ना-हरकत पत्र आणि विजेचे बिल घेऊन तो पत्ता सरकारी दफ्तरी नोंदवतो. मग हा सभासद सहसा हलत नाही. पत्ता बदलला की पंधरा दिवसांच्या आत दुरुस्तीचा अर्ज, त्यासोबत नव्या जागेचे पुरावे, शिवाय बँकेत व बिलांवर तोच बदल, एवढी यातायात कोण करील? त्या जागेवर व्यवसायाच्या नावाची आणि नोंदणी क्रमांकाची पाटी लावण्याचाही नियम आहे. म्हणून अशा कचेऱ्यांच्या प्रवेशद्वाराशी पाट्यांची रांग दिसते, आणि तेथील व्यवस्थापकाला विचारावे तर तो सांगतो की या पाट्यांपैकी बहुतेकांचे मालक सहा-सहा महिने इकडे येत नाहीत, कॉफीही पीत नाहीत, आणि भाडे मात्र वेळेवर भरतात.